दूरच्या पडद्यावरचा हात: धुळ्याच्या तारेपासून स्क्रीन शेअरिंगपर्यंत

१/ पुण्यात बसलेला मुलगा माउस हलवतो आणि सुमारे ४०० किलोमीटरवर, जळगावच्या घरी, वडिलांच्या संगणकावरचा बाण हलू लागतो. अडलेला प्रिंटर सुरू होतो, विजेचे बिल भरले जाते. हे आता इतके अंगवळणी पडले आहे की त्यामागे दीड शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे, याचे भान राहत नाही. त्या इतिहासाचा एक पदर थेट खानदेशातून जातो. (थ्रेड)

२/ दुरून काम करण्याच्या इतिहासात चार पायऱ्या दिसतात: वार्ता, आज्ञा, दर्शन आणि ताबा. आधी दूरची बातमी कळू लागली. मग दूरचे यंत्र सांगितलेले ऐकू लागले. नंतर दूरचा पडदा डोळ्यांना दिसू लागला. शेवटी त्या पडद्यावर आपला हात फिरू लागला. प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न नव्याने उभा राहिला: परवानगी कोणाची?

३/ पहिली पायरी, वार्ता. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश कंपनी सरकारच्या अमलाखाली आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे आपले मुख्य ठाणे केले. मुंबई धुळ्यापासून ३०० किलोमीटरहून अधिक दूर होती. मधे कसारा घाट, वाटेत डाकवाले आणि पावसाळ्यात फुगलेल्या नद्या. धुळ्यात काय घडले हे मुंबईला समजेपर्यंत धुळ्यातील परिस्थिती बदललेली असे.

४/ हे अंतर तारेने तोडले. विल्यम ओशॉनेसी याच्या देखरेखीखाली १८५३-५४ मध्ये कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास यांना जोडणाऱ्या तारा उभ्या राहिल्या. १८५५ मध्ये त्या सर्वसामान्य जनतेसाठी खुल्या झाल्या. मुंबई-आग्रा तार मुंबई-आग्रा मार्गाच्या आधाराने, धुळ्यावरून सेंधव्याच्या घाटाकडे गेली. धुळ्याच्या बाजारपेठेतील रस्त्याला आजही आग्रा रोडच म्हणतात.

५/ एक तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. भुसावळ, जळगाव ही गावे १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मुख्य मार्गावर आली. धुळे मात्र बाजूला राहिले. चाळीसगाव-धुळे हा फाटा १९०० मध्ये सुरू झाला. म्हणजे धुळ्यावरून शब्द विजेच्या वेगाने धावू लागल्यावर तिथे आगगाडी पोहोचायला आणखी सुमारे ४५ वर्षे लागली. माणसाच्या कितीतरी आधी संदेश पोहोचला.

६/ तारेने सत्तेला दूरचे कान दिले, पण ते कान एका तारेवर टांगलेले होते. नोव्हेंबर १८५७ मध्ये याच मार्गावर, सेंधवा घाटाच्या रक्षणाची जबाबदारी पूर्वी ज्याच्याकडे होती त्या भिल्ल नायकाने, खाज्या नाईकाने, सुमारे ७ लाख रुपयांचा सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे भिल्लांची इंग्रज फौजेशी मोठी लढाई झाली.

७/ सत्तावनच्या उठावात उत्तर हिंदुस्थानात ठिकठिकाणी तारा तोडल्या गेल्या, याचे कारण उघड आहे. तार म्हणजे दूरच्या मालकाचा कान, हे ज्यांच्यावर राज्य केले जात होते त्यांना नेमके कळले होते. दुरून चालणारा कारभार हा ज्या दुव्यावर चालतो, त्या दुव्याइतकाच भक्कम असतो. हा नियम पुढे संगणकालाही लागू पडला.

८/ वार्तेची पायरी किती बारकाईने वापरता येते, हे भुसावळने दाखवले. रेल्वेच्या विभागीय नियंत्रण कक्षात बसलेल्या नियंत्रकाला एकही गाडी दिसत नसे. स्टेशनमास्तर दूरध्वनीवर वेळा सांगत, नियंत्रक त्या आलेखावर मांडी आणि त्या रेषांवरून कोणती गाडी कुठे थांबवायची, कोणती पुढे काढायची हे ठरवी. डोळ्यांपुढे असे ते केवळ शब्दांवरून रेखाटलेले चित्र.

९/ दुसरी पायरी, आज्ञा. तारेच्या दुसऱ्या टोकाला माणूस असे. तो संदेश वाची, पटला तर अमलात आणी. ११ सप्टेंबर १९४० रोजी ही साखळी बदलली. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात गणितज्ञांची बैठक भरली होती. जॉर्ज स्टिबिट्झ याने तिथे एक टेलिटाइप यंत्र मांडले. हिशेब करणारे यंत्र होते न्यूयॉर्कमधील बेल प्रयोगशाळेत.

१०/ डार्टमथला आकडे टंकलिखित केले की ते तारेने न्यूयॉर्कला जात, यंत्र गणित सोडवी आणि उत्तर डार्टमथच्या कागदावर उमटे. मधे कोणीही माणूस नव्हता. प्रेक्षकांत नॉर्बर्ट वीनर आणि पुढे एनिॲक घडवणारा जॉन मॉकली हे दोघेही होते. दूरच्या गणनयंत्राने तारेवरून आलेली आज्ञा पाळल्याचा हा पहिला जाहीर प्रयोग मानला जातो.

११/ खानदेशात ही पायरी पोहोचली ती सरकारी कचेरीच्या वाटेने. १९७६ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, स्थापन झाले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने निकनेट हे उपग्रहावर चालणारे जाळे उभारले आणि देशभरातील जिल्हा मुख्यालये त्याला जोडली जाऊ लागली. जिल्ह्याची माहिती आता टपालाच्या थैलीऐवजी छतावरच्या तबकडीतून दिल्लीकडे निघाली.

१२/ पण निकनेटच्या त्या पिढीत प्रवास होता तो मुख्यतः अक्षरांचा आणि आकड्यांचा. काळ्या पडद्यावर ओळी उमटत, आज्ञा लिहावी लागे, उत्तर ओळींतच येई. समोरच्या संगणकाचा पडदा जसाच्या तसा दिसणे ही निराळी गोष्ट होती. तिची सुरुवात मात्र फार आधी, १९६८ मध्येच, झाली होती.

१३/ तिसरी पायरी, दर्शन. ९ डिसेंबर १९६८, सॅन फ्रान्सिस्को. डग्लस एंगेलबर्ट सुमारे १,००० श्रोत्यांपुढे बसला होता. त्याचा संगणक सुमारे ४८ किलोमीटरवर, मेन्लो पार्कला होता. सूक्ष्मलहरींच्या दुव्यावरून चित्र सभागृहात येत होते, मोडेमच्या तारेवरून त्याच्या आज्ञा परत जात होत्या. माउस नावाची वस्तू जगाने जाहीरपणे प्रथम पाहिली ती याच दिवशी.

१४/ त्या ९० मिनिटांत एक क्षण असा आला की मेन्लो पार्कमधील सहकारी बिल पॅक्स्टन पडद्यावर अवतरला. एकाच दस्तऐवजावर दोघांचे दोन दर्शक फिरू लागले. एकजण दाखवी, दुसरा सुधारी. आज ज्याला स्क्रीन शेअरिंग म्हणतात त्याचे हे पूर्वरूप. मात्र त्यासाठी खास दुवे, खास प्रोजेक्टर आणि एक संपूर्ण प्रयोगशाळा राबत होती. सामान्य माणसाच्या हाती हे यायला आणखी तीस वर्षे जायची होती.

१५/ अडचण समजून घेण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांच्या पडद्यावर ७,८६,४३२ ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट धरले तर एका चित्राचे होतात सुमारे २३ लाख ६० हजार बाइट. ५६ किलोबिटच्या डायल-अप मोडेमवर हे एकच स्थिर चित्र पोहोचायला साडेपाच मिनिटांहून अधिक वेळ लागेल. मग हलता पडदा दाखवायचा कसा?

१६/ याचे सोपे उत्तर इंग्लंडमधील केंब्रिजच्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत मिळाले. तिथे १९९० च्या दशकात व्हर्च्युअल नेटवर्क कम्प्युटिंग, म्हणजे व्हीएनसी, तयार झाले. कल्पना अशी: संपूर्ण चित्र पुन्हा पुन्हा पाठवू नका. पडद्याचा जो चौकोन बदलला तेवढाच पाठवा, आणि तोही पाहणाऱ्याने मागितल्यावरच. दुवा मंद असेल तर मागणीही आपोआप मंदावते.

१७/ त्यातील एक युक्ती विशेष सुंदर आहे. खिडकी एका जागेवरून दुसरीकडे सरकवली, तर तिचे चित्र नव्याने पाठवण्याची गरजच नाही. ‘तिथला चौकोन इथे मांड’ एवढे सांगितले की पुरे. उलट दिशेने जाणारा मजकूर तर नगण्य: माउसच्या एका हालचालीसाठी ६ बाइट, कळ दाबण्यासाठी ८ बाइट. हाताचे ओझे कमी, डोळ्यांचे ओझे जास्त.

१८/ या चमूतील क्वेन्टिन स्टॅफर्ड-फ्रेझर हे नाव आणखी एका कथेत येते. १९९१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक विभागात कॉफीच्या भांड्यासमोर एक कॅमेरा लावला गेला. भांडे रिकामे आहे की भरलेले, हे जागेवरून न उठता कळावे इतकाच हेतू. त्यासाठी लागणारा पडद्यावरचा कार्यक्रम त्यानेच लिहिला. दुरून पाहण्याच्या मोठ्या इतिहासाच्या मुळाशी कधी कधी एवढा साधा आळस असतो.

१९/ व्हीएनसी १९९८ मध्ये सर्वांसाठी मोफत आणि खुले करण्यात आले. ते कोणत्याही एका कंपनीच्या संगणकाला बांधलेले नव्हते. पुढे ती प्रयोगशाळा एटी अँड टी कंपनीकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. पण तिची भाषा टिकली, कारण तिची संहिता उघड होती. २०११ मध्ये तिचे नियम इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत नोंदवले गेले. संस्था गेली, पोथी राहिली.

२०/ मराठी जगासाठी यात एक खास गंमत आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी छापखान्यांतील मजकूर श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असे. तीच फाइल फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हांची रांग दिसे. पडदा दुरून पाहिला तर ही अडचण उरत नाही, कारण येते ते अक्षर नसून अक्षराचे चित्र असते. फॉन्ट जिथला तिथे राहतो, वाचन दुसरीकडे होते.

२१/ चौथी पायरी, ताबा. स्वतंत्र सॉफ्टवेअर शोधून बसवण्याची गरज संपली आणि ही सोय संगणकातच येऊ लागली. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये विंडोज एनटीच्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीत ती कचेऱ्यांसाठी दिली. ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपीच्या प्रोफेशनल आवृत्तीत रिमोट डेस्कटॉप आले. ॲपलने ऑक्टोबर २००७ मध्ये लेपर्ड या प्रणालीत स्क्रीन शेअरिंग अंगभूतच दिले. त्याच्या पोटात व्हीएनसीचीच भाषा होती.

२२/ एक्सपीमध्ये दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या आणि हा भेद महत्त्वाचा आहे. रिमोट डेस्कटॉपने जोडले की समोरच्या संगणकाचा पडदा तिथल्या माणसासाठी कुलूपबंद होई. मालक दुरून आपल्याच घरात शिरे. रिमोट असिस्टन्समध्ये मात्र घरातल्या माणसाने आमंत्रण पाठवायचे, दोघांनी एकच पडदा पाहायचा, आणि ताबा द्यायचा की नाही हे आमंत्रण देणाऱ्याने ठरवायचे.

२३/ जोडणीची रीत सर्वत्र जवळजवळ सारखीच आहे. ज्या संगणकावर जायचे तिथे ही सोय आधी सुरू करावी लागते. ती मुळात बंद असते. कोणाला आत घ्यायचे त्याची यादी आणि पासवर्ड ठरवावा लागतो. मग दुसऱ्या संगणकावरून त्याचे नाव किंवा पत्ता द्यायचा. एकाच घरातील वायफायवर दोन मॅक एकमेकांना आपोआप शोधतात. केवळ पाहायचे की ताबाही घ्यायचा, हा पर्यायही असतो.

२४/ घराबाहेरून जोडताना मात्र राउटर आडवा येतो. जळगावच्या घरातील संगणकाला बाहेरच्या जगात स्वतःचा पत्ता नसतो. पत्ता असतो राउटरचा. त्यावर तोडगा म्हणून २००५ पासून टीमव्ह्यूअरसारख्या सेवा पुढे आल्या. दोन्ही संगणक एका मधल्या सर्व्हरकडे हाक देतात, तो त्यांची गाठ घालून देतो. वापरणाऱ्याला लक्षात ठेवावा लागतो केवळ एक क्रमांक. सोय झाली, पण मधे एक तिसरा आला.

२५/ दुवा जेवढा भक्कम तेवढाच कारभार, हा सत्तावनचा नियम इथे परत भेटतो. मूळ व्हीएनसीत पासवर्डची पहिली ८ अक्षरेच मोजली जात आणि पडद्याचे चित्र उघड्यावरून प्रवास करी. मे २०१९ मध्ये विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये ब्लूकीप नावाचे भगदाड सापडले. ते इतके गंभीर होते की मायक्रोसॉफ्टने केव्हाच मोडीत काढलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली.

२६/ पण सर्वांत मोठे भगदाड यंत्रात नव्हते. ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल’ असा संदेश येतो. त्या क्रमांकावर फोन केला की पलीकडचा माणूस आदराने बोलतो, एक ॲप घ्यायला सांगतो, त्यावरील क्रमांक विचारतो. पुढच्या काही मिनिटांत खाते रिकामे. रिझर्व्ह बँकेने अशा ॲपबाबत फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना इशारा दिला होता. महावितरणनेही असल्या संदेशांबाबत ग्राहकांना वारंवार सावध केले.

२७/ या फसवणुकीत कुलूप फोडले जात नाही. घरमालकाच्याच हाताने दार उघडून घेतले जाते. ओटीपी कोणाला सांगू नये हे पाठ असलेला माणूस तो सांगतही नाही. तो पडद्यावर उमटतो आणि दुसरा वाचतो. म्हणून परक्याच्या सांगण्यावरून पडदा देऊ नये, आणि दिलाच असेल तर इंटरनेट तत्काळ बंद करून बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावे.

२८/ परवानगीचा हा प्रश्न धुळ्याने फार पूर्वी, निराळ्या रूपात पाहिला आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे जुन्या घराण्यांची दप्तरे शोधत गावोगाव हिंडले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, एकूण खंड २२ झाले. दप्तर कोणाचे, ते कोणी पाहावे, नक्कल करू द्यावी की नाही, याचा निर्णय दर वेळी घरधन्याच्या उंबरठ्यावर होत असे.

२९/ ३१ डिसेंबर १९२६ रोजी राजवाड्यांचे धुळ्यात निधन झाले. त्यांचा संग्रह जपण्यासाठी १९२७ मध्ये तिथेच राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याच शहरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमवलेली रामदासी हस्तलिखिते समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. ज्या गावाला रेल्वे उशिरा मिळाली, त्या गावाने महाराष्ट्राची स्मृती सांभाळली.

३०/ आता खरा पेच. तारेचा कागद घरात उरे: तारीख, ठिकाण, शब्द, सारे त्यावर असे. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तरी जुन्या तारा ट्रंकांमध्ये सापडतात. दूरच्या पडद्यावरील कामाचे तसे नाही. संगणकाच्या नोंदवहीत कोणत्या वेळी, कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या नावाने कोणी आत आले एवढे राहते. त्याने काय पाहिले, काय समजावले, काय हलवले, याचा सहसा मागमूस नसतो.

३१/ मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि कचेऱ्या, वर्ग, परीक्षा, हिशेब, सारे एकदम दूरच्या पडद्यांवर गेले. पुण्या-मुंबईहून गावी परतलेल्यांनी खानदेशातील घरांच्या ओट्यावर बसून शहरातले संगणक चालवले. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने ही प्रचंड घटना आहे. ती लिहिणाऱ्या उद्याच्या इतिहासकाराला वेळांच्या रकान्यांपलीकडे काय मिळणार?

३२/ उत्तर राजवाड्यांच्याच पद्धतीत आहे: साधने आपोआप टिकत नाहीत, ती कोणीतरी टिकवावी लागतात. घरात जुनी तार असेल तर तारखेसह तिचे छायाचित्र काढून ठेवा. २०२० मध्ये दुरून काम केलेल्या माणसांशी बोला, त्यांच्या आठवणी लिहून घ्या. आणि ते कागद किंवा त्या आठवणी जगापुढे मांडण्यापूर्वी घरधन्याला विचारा. उंबरठा बदलला आहे, विचारण्याची रीत बदललेली नाही.

#इतिहास #खानदेश #धुळे #जळगाव #तंत्रज्ञानाचा_इतिहास